कर्जखताची भाषा कोणाची?

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली इंग्रज सरकारला खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणण्यासाठी १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज दरसाल दर शेकडा ४.५. देणारा मांडलिक, घेणारा सार्वभौम. तरीही त्या व्यवहाराचा गाभा एका ओळीत मावतो. मुद्दल, व्याज आणि मुदत एवढे कळले की वर्षाचे व्याज ४.५ लाख रुपये होते, हे शाळेतला पोरही सांगेल. आज त्याच खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंदुरातील भंवरकुआं चौकात, एखादा खानावळवाला ३ लाख रुपयांसाठी वित्तसंस्थेच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे कागदांची जी थप्पी येते तीतून हेच तीन आकडे हुडकून काढावयास त्याला वकील गाठावा लागतो. कोटीचा व्यवहार ओळीत सांगता येतो आणि लाखाच्या व्यवहाराला चोपडे लागते, हा काळाचा महिमा म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

सीमाभागाच्या दैनिकात भंवरकुआंचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडचा मराठी दुकानदार आणि माळव्यातला मराठी दुकानदार यांचे राजकीय प्रश्न एक नाहीत, हे आम्ही जाणतो. इंदूरच्या मराठी माणसाने हिंदी आपली मानली, त्या नगरीनेही त्याला आपला मानला. परंतु कर्जाच्या बाबतीत दोघेही एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघेही घरी हिशेब मराठीत करतात आणि सही मात्र परक्या भाषेतील कागदावर ठोकतात. इंदुरात तो कागद बहुधा हिंदीतही नसतो. तो इंग्रजीत असतो. होळकरांच्या सनदेने १९२० साली स्थापन झालेली बँक ऑफ इंदूर १९६० साली स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २६ ऑगस्ट २०१० रोजी तिच्यात विलीन होऊन नावानिशी संपली. गावचे नाव लावणारी बँक गेली. गावातल्या माणसाची कर्जाची गरज मात्र गेली नाही, आणि ती भागविण्यासाठी आता दहा प्रकारच्या संस्था दहा प्रकारचे कागद घेऊन हजर आहेत.

भंवरकुआं हा आज विद्यार्थ्यांचा मुलूख आहे. देवी अहिल्या विद्यापीठाचा खांडवा रस्त्यावरील परिसर तेथून जवळ. स्पर्धा परीक्षांचे शिकवणी वर्ग, वसतिगृहे, अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची आणि जुन्या पुस्तकांची दुकाने यांनी चौकाभोवतालच्या गल्ल्या गजबजलेल्या असतात. हा सारा धंदा थोड्या भांडवलाचा, आणि तेही पुष्कळदा उसने. आमच्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ तेथे खानावळ चालवितात. त्यांनी आपल्या कर्जाचे कागद आम्हांस दाखविले. व्याज किती, असे विचारता ते म्हणाले, "दहा टक्के, साहेब. हप्ता दहा हजार आठशे तेहतीस. परवडतो." कर्जखत वाचले का, या प्रश्नावर मात्र ते नुसते हसले.

हा 'परवडतो' हा शब्दच साऱ्या अनर्थाचे मूळ आहे. हप्ता परवडतो की नाही हे पाहणे आवश्यक आहे, पण हप्त्याच्या आकड्यावरून कर्ज स्वस्त की महाग हे कधीही कळत नाही. त्यांचेच उदाहरण घ्या. मुद्दल ३ लाख, मुदत ३६ महिने, व्याज १० टक्के. संस्थेने ३ लाखांवर वर्षाचे ३० हजार, म्हणजे तीन वर्षांचे ९० हजार व्याज धरले, ते मुद्दलात मिळविले आणि ३ लाख ९० हजारांना ३६ ने भागले. हिशेब स्वच्छ दिसतो. यातली खोच अशी की, अठरावा हप्ता भरला त्या दिवशी निम्मे मुद्दल, म्हणजे दीड लाख रुपये, संस्थेच्या तिजोरीत परत गेलेले असतात. व्याज मात्र अजून पूर्ण ३ लाखांवर चालू असते. जे पैसे आपल्याजवळ नाहीत त्यांचे भाडे आपण भरीत असतो! याला धंद्यात 'फ्लॅट' दर म्हणतात. तेच १० टक्के दरमहा उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकेवर, आकारले असते तर हप्ता सुमारे ९,६८० रुपये आला असता आणि तीन वर्षांचे व्याज ९० हजारांऐवजी साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास राहिले असते. उलट बाजूने पाहिले तर फ्लॅटचे १० टक्के हे घटत्या शिलकेच्या हिशेबाने जवळजवळ १८ टक्के होतात. आकडा तोच, शब्द बदलला, आणि एका कुटुंबाचे ४१ हजार रुपये गेले.

एवढ्यावर थांबले तर बरे. प्रक्रिया शुल्क २ टक्के म्हणजे ६ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, आणि 'साहेब, हा विमा घ्यावाच लागतो' म्हणून गळ्यात घातलेल्या विम्याचे समजा ५ हजार. हे सारे कर्जातूनच कापले गेले. हाती आले २ लाख ८७ हजार ९२०. हप्ते मात्र ३ लाखांचेच. आता खरा दर काढला तर तो २१ टक्क्यांच्या घरात जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी स्वयंपाकघरापुरती केली नसावी.

या रोगावर औषध नाही असे नव्हे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांस आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांस 'मुख्य तथ्य विवरण' देणे बँकांवर, नागरी व जिल्हा सहकारी बँकांवर आणि बिगरबँक वित्तसंस्थांवर बंधनकारक झाले. बँकेत याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' किंवा नुसते 'केएफएस' म्हणतात. यात वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो. व्याज, प्रक्रिया शुल्क आणि संस्थेमार्फत वसूल होणारा विमा व वकिलाचा खर्च हे सारे जमेस धरून जो एकच दर निघतो, तो हा. म्हणजे वरील उदाहरणात तेथे १० नव्हे, २१ च्या जवळचा आकडा लिहिणे भाग आहे. या पत्रकात नसलेले शुल्क पुढे ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. पत्रक हाती आल्यावर विचार करावयास किमान तीन कामाचे दिवस मिळतात. तेवढ्या अवधीत होकार दिला तर त्यात लिहिलेल्या अटी संस्थेवर बंधनकारक असतात. 'आजच सही करा, उद्या दर वाढेल' असे दटावणाऱ्या एजंटास हा नियम ऐकवावा.

आणि आता ज्या कलमासाठी आम्ही लेखणी उचलली ते. हे पत्रक ऋणकोस समजणाऱ्या भाषेत लिहिलेले असले पाहिजे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे, आणि समजला अशी त्याची पोच घेतली पाहिजे, असे आदेशात आहे. राज्याच्या भाषेत असे तेथे म्हटलेले नाही. शाखाधिकाऱ्याच्या भाषेत असेही नाही. समजणाऱ्या भाषेत, म्हणजे ऋणको समजतो त्या भाषेत. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यास, खानापूरच्या गिरणीवाल्यास, बेळगावच्या शहापुरातील कापड दुकानदारास मराठी समजत असेल, तर त्याने मराठी पत्रक मागावे. ही मेहेरबानीची याचना ठरत नाही; रिझर्व्ह बँकेच्या आदेशाचे पालन करा, एवढेच सांगणे आहे. इंदूरच्या आमच्या मित्राला हिंदी उत्तम येते. त्याने हिंदीत मागावे, किंवा मराठीत मागावे, परंतु मागावे. हक्क कागदावर आहे आणि मागणारा नाही, तोवर तो कागदावरच राहील.

हा विचार आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. ती खते त्यांनी जाळली. आपण आंगठा कशावर उठविला हे ज्याला कधी कळलेच नव्हते, त्याला तो कागद जाळण्याखेरीज दुसरा प्रतिवाद सुचला नाही. त्या उठावानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, तो वाचून दाखविला जावा आणि पक्षकारांना समजला याची खात्री करून घ्यावी, अशी तरतूद होती. १८७९ आणि २०२४ यांत १४५ वर्षांचे अंतर आहे. सावकार पेढीवरून वातानुकूलित कचेरीत गेला, आंगठ्याच्या जागी मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी आला. वाचून दाखवा, हे सांगण्याची गरज होती तशीच आहे.

दराविषयी आणखी एक. 'बदलता दर' म्हणजे काय हे पुष्कळांस दर बदलल्यावरच कळते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलेली नवी बदलत्या दराची कर्जे बाहेरच्या एखाद्या मापदंडाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली असतात आणि तीन महिन्यांत किमान एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. मे २०२२ च्या आरंभी रेपो ४ टक्के होता; फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ झाला. हप्त्याचा आकडा तोच राहिला म्हणून निर्धास्त असलेल्या अनेकांची मुदत मागच्या मागे लांबली. २०२५ मध्ये दर उतरला, तेव्हा तो आपल्या खात्यात उतरला की नाही हे किती जणांनी पाहिले? सहकारी बँका आणि बिगरबँक संस्था यांवर मात्र ही बाह्य मापदंडाची सक्ती नाही. तेथे 'बदलता' दर नेमका कशावरून बदलतो, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

'स्थगिती' या शब्दाने तर भंवरकुआंला चांगलाच धडा दिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, विद्यार्थी आपापल्या गावी परतले आणि ज्या गल्ल्यांचे पोट त्यांच्यावर चालत होते त्या ओस पडल्या. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते पुढे ढकलण्यास मुभा दिली; पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. हप्ता थांबला म्हणजे व्याजही थांबले, अशी भाबडी समजूत देशभर पसरली. व्याज एक दिवसही थांबले नव्हते. न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढू लागले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने त्या सहा महिन्यांचे व्याजावरील व्याज कोणाकडूनही घेऊ नये असे ठरविले. मूळ व्याज माफ करण्यास मात्र नकार दिला. तात्पर्य, स्थगितीत वसुली थांबते, देणे वाढतच असते. नव्या धंद्यासाठी पहिले सहा महिने हप्ता नाही असे सांगितले जाते, तेथेही हाच अर्थ आहे.

ज्या धंद्याला हंगाम आहे त्याने कर्जाची जात ओळखावी. मशीन, भट्टी, बाके यांना मुदत कर्ज ठीक. धान्य, कागद, तेल यांसारखा फिरता माल भरण्यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे बाजारभाषेत 'सीसी', सोयीची. मर्यादा ५ लाखांची असली आणि उचल २ लाखांची, तर व्याज २ लाखांवरच. पण ५ लाख मंजूर झाले म्हणजे ५ लाख मिळाले असेही समजू नये. बँक २५ टक्के गाळा राखीत असेल आणि दुकानात माल ४ लाखांचा असेल, तर उचल ३ लाखांपर्यंतच होते. मालाचे मासिक पत्रक खोटे भरून हा आकडा फुगविणारे महाभाग आमच्या पाहण्यात आहेत. त्यांचा शेवटही आमच्या पाहण्यात आहे. आणि केएफएसचा नियम मुदत कर्जाचा असल्याने, सीसी घेणाऱ्याने हीच माहिती स्वतः लेखी मागून घ्यावी.

तारणाविषयी थोडक्यात. मालतारणात माल बँकेच्या ताब्यात जातो. नजरगहाणात माल आपल्या दुकानात राहतो, पण त्यावर हक्क बँकेचा. गहाणखतात घर किंवा जागा अडकते, आणि तेथे खरा धोका. सलग ९० दिवसांपेक्षा अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावताही, बँक तारणाचा ताबा घेण्याच्या मार्गास लागू शकते. हे मोठ्या बँकांचे काम, आपली सहकारी बँक असे करणार नाही, असे मानणाऱ्यांनी निपाणीपासून फार दूर नसलेल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणातील निकाल लक्षात ठेवावा. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे त्यातच ठरविले.

सर्वांत घातक शब्द आमच्या मते जामीन. आपल्याकडे जामीन ही स्नेहाची खूण समजतात. मेहुणा म्हणाला, सही केली. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच ते सांगून ठेवले आहे. जामीन जर 'चालू' स्वरूपाचा लिहून घेतला असेल, तर आजच्या उचलीबरोबर उद्याच्या उचलीलाही तो बांधील राहतो. म्हणून जामीन राहणाऱ्याने रकमेची मर्यादा कागदात आहे काय, एवढे तरी पाहावे. मेहुण्याशी संबंध बिघडतील, ही भीती खरी आहे; न पाहिल्याने ते अधिक बिघडतात, हेही खरे आहे.

जामिनाचा दुसरा गैरसमज 'सरकारी हमी'चा. २००० साली केंद्र सरकार व सिडबी यांनी स्थापन केलेला हमी न्यास विनातारण कर्जाला हमी देतो. ही हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. कर्ज बुडाले तर न्यास बँकेचे नुकसान काही अंशी भरून देतो; ऋणकोचे देणे त्याने फिटत नाही. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेलाही तारण लागत नाही. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. ही अनुदाने आहेत असे गावोगाव सांगत फिरणाऱ्यांनी अनेक तरुणांचे पतमानांकन बिघडवून ठेवले आहे. मुद्रा हे कर्जच होय.

दंड आणि मुदतपूर्व फेड यांबाबत अलीकडे ऋणकोचा पक्ष थोडा बळकट झाला आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर उशिराबद्दल दंडव्याज लावता येत नाही. दंड शुल्करूपाने घ्यावा लागतो आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढविता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत झालेल्या बदलत्या दराच्या धंदेवाईक कर्जांवर व्यक्तींकडून आणि सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्यापारी बँकांना मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही; लहान वित्त बँका, ग्रामीण बँका आदींना हा मज्जाव ५० लाखांपर्यंतच्या कर्जास आहे. खानावळवाल्या गृहस्थांचे कर्ज स्थिर दराचे, फ्लॅटचे. त्यांना या सवलतीचा लाभ नाही. स्वस्त कर्ज मिळत असूनही ते या महाग कर्जातून सहजी सुटू शकत नाहीत, याचे कारण त्यांनी न वाचलेल्या पानावर आहे.

राहता राहिल्या आपल्या पतसंस्था. सीमाभागातील कितीतरी दुकाने त्यांच्याच आधाराने उभी राहिली, आणि तेथील चिटणीस आपल्याशी मराठीतच बोलतो. परंतु पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येतात. रिझर्व्ह बँकेचा वरील आदेश त्यांना लागू नाही. म्हणजे जेथे भाषा आपली, तेथेच आकडे लेखी देण्याची ही सक्ती नाही! तथापि तेथे आपण नुसते गिऱ्हाईक नाही, सभासद आहोत, आणि सभासदास मत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका घरी येईल तेव्हा ती रद्दीत न टाकता सभासदांनी एक प्रश्न मुदतीत लेखी पाठवावा: आपली संस्था व्याज फ्लॅट पद्धतीने आकारते की घटत्या शिलकेवर, सर्व खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर किती पडतो, आणि तो प्रत्येक कर्जदाराला मराठीत लिहून देण्यास कोणत्या तारखेपासून प्रारंभ होणार?